कुत्र्याला घेऊन कोकणात मुक्कामी जाताना: तयारीची यादी, गोचिडीपासून सुरुवात

निघायच्या आठवडाभर आधी गोचिडीचं औषध. बाकी यादी नाही वाचली तरी चालेल, एवढं वाचा. मागच्या वेळी आमच्याकडून नेमकं हेच राहिलं होतं, आणि परत आल्यावर पंधरा दिवसांनी टिक फिव्हर निघाला. म्हणून यादी इथूनच सुरू होते.

‘कुत्रा चालेल’ असं सांगणारं घर म्हणजे तुमच्या आधी कितीतरी कुत्री राहून गेलेलं घर. आपल्याकडे कुत्र्याच्या अंगावर दिसते ती तपकिरी गोचीड फक्त रानातल्या गवतात असते असं समजू नका, ती घरातही मजेत राहते. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून पडते, भिंत चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. कोकणातल्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, त्यात गिलावा नसेल तर भोकंच भोकं. तिथे ती काही न खातापिता महिनोन्‌महिने तग धरते. खोली झाडून-पुसून लख्ख दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

औषधाचे प्रकार नीट समजून घ्या. फ्लुरालानरची गोळी बारा आठवडे पुरते, अफोक्सोलानरची महिनाभर. दोन्ही वजनावर ठरतात, म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आधी काट्यावर वजन करा. ‘वीसेक किलो असेल’ हे अंदाजपंचे नको. मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून लहानाला देऊ नका, आणि गोळी जेवणाबरोबरच द्या. मानेवर सोडायचे फिप्रोनिलचे थेंब वापरत असाल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. कोकणात कुत्रा समुद्रात शिरणार आणि शॅम्पूने धुतला जाणार, त्यामुळे तिथे गोळीच बरी. कुत्र्याला फिट येत असतील तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. आठवडा आधी एवढ्यासाठी, की गोळीने उलटी-जुलाब झालेच तर घरी असताना व्हावेत, घाटात नकोत.

आणि गोळी दिली म्हणजे सुटलो, असंही नाही. गोळीने गोचीड मरते ती चावल्यावर. टिक फिव्हरचा जंतू, एर्लिकिया, काही तासांतच रक्तात उतरू शकतो. म्हणजे गोळीही हवी आणि रोज हात फिरवून तपासणंही हवं. ते कसं करायचं ते पुढे आहे.

लसी: रेबीजची चालू असेलच, दाखल्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. लेप्टोची मात्र वेगळी चौकशी करा, विशेषतः पावसाळ्यात किंवा भातशेतीजवळ जाणार असाल तर. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा हा आजार आहे, आणि कुत्र्याकडून माणसालाही होतो. पहिल्यांदा देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तेव्हा हे काम महिनाभर आधीचं.

घर ठरवताना घरमालकीण काकूंना फोनवर सरळ विचारा. कुत्रा खोलीत झोपलेला चालेल का, की ओटीवर बांधायला सांगाल? अनेक ठिकाणी ‘चालेल’ म्हणजे अंगणात चालेल, आणि ते आपल्याला चालणार नाही. कोकणात काय, मुळशी-जुन्नरकडे काय, बिबट्या घराजवळ येतो, आणि बांधलेला कुत्रा त्याला सगळ्यात सोपा. रात्री कुत्रा खोलीच्या आत, दार लावून, यात तडजोड नाही. गडगा (आवाराची दगडी भिंत) सगळीकडून सलग आहे का, की मध्ये पडलाय? विहिरीला कठडा आहे का? घरात आधीचा कुत्रा, मांजर, कोंबड्या? उंदराचं औषध कुठे टाकलंय? हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण मांगरात (शेतीच्या सामानाच्या खोपटात), पोत्यांच्या मागे ते बहुतेक असतंच. तारीख नक्की करण्याआधी आणखी एक: मागच्या महिन्यात खोलीत गोचिडीची फवारणी केली का, आणि कशाची? फवारणी आदल्या दिवशीची असेल तर खोली पुरती वाळू द्या, तोवर कुत्रा बाहेर तुमच्याजवळ.

सामान. पट्टा, नावाची पट्टी आणि त्यावर चालू फोन नंबर, वाडगे, पिशव्या, हे तुम्हाला माहीत आहे. पाच-सहा मीटरची लांब दोरी घ्या, कारण कोंबड्या दिसल्यावर हाकेला ओ देणारा कुत्रा फार विरळा. दोन जुन्या चादरी आणि तीन टॉवेल: एक पायांना, एक अंगाला, एक गाडीत. खाणं घरचंच, जितके दिवस त्यापेक्षा दोन वेळचं जास्त. तिथल्या मासळीच्या रश्श्यात कांदा, मीठ, काटे असतात, कितीही प्रेमाने दिला तरी नको. औषधांच्या डबीत पोव्हिडोन आयोडिन, गॉझ, क्रेप पट्टी, बोथट कात्री, ओआरएस. माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही द्यायची नाही, पॅरासिटामॉल नाही आणि आयबुप्रोफेन तर मुळीच नाही. आणि बारीक टोकाचा चिमटा. पुन्हा लिहितो, बारीक टोकाचा चिमटा. भुवया कोरायचा रुंद चिमटा गोचिडीचं पोट दाबतो, आणि नेमकं तेच टाळायचंय. सोबत झाकणाची छोटी बाटली, तळाला बोटभर स्पिरिट.

तालुक्याच्या गावातला पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे, किती वाजता उघडतो, रविवारी कोण भेटतं, हे आधी विचारून कागदावर लिहा. वाडीत रेंज असेलच असं नाही. १९६२ हा सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा नंबर, तोही लिहा.

गाडीत. घाटाआधी पाच-सहा तास जेवण नाही, पाणी थोडं थोडं. ताम्हिणी असो की आंबा घाट, वळणांवर भरल्या पोटी उलटी होणारच. दर दोन तासांनी थांबा. पाय रस्त्याकडेच्या उंच गवतात नकोत, मोकळ्या जागेत उतरवा. कारण तेच, गोचीड. चहाला थांबलात तर एकाने गाडीजवळ राहायचं. बंद गाडीत काच थोडी खाली ठेवून भागत नाही, उन्हात पाच-दहा मिनिटांतच आत भट्टी होते. पग किंवा शिट्झू असेल तर एप्रिल-मेमध्ये कोकणात नेऊच नका, ती दमट हवा चपट्या नाकाच्या कुत्र्याला सोसत नाही.

पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी टॉर्च घेऊन खोलीत जा. कुत्रा अजून गाडीत. चिऱ्यांचे सांधे, खाटेचे पाय, गादीची शिवण, दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा, खिडकीची कड. गोचीड वर चढते, म्हणून नुसती जमीन बघून उपयोग नाही, छताच्या कोपऱ्यापर्यंत टॉर्च फिरवा. पिल्लं तिळापेक्षा बारीक असतात आणि भिंतीवर घोळक्याने बसतात. धूळ समजून आपण पुढे जातो. बोट न लावता फुंकर मारा. धूळ उडते, ती हलतात. दिसल्या तर दुसरी खोली मागा, संकोच करू नका. आणि मालक आपुलकीने गोठ्यातलं गुरांचं औषध फवारायला देतील, तर नम्रपणे नको म्हणा. गुरांसाठीचं तीव्र द्रावण कुत्र्याला भोवतं, मांजराला तर त्याहून जास्त. शेतीच्या दुकानातलं आयव्हरमेक्टिनही स्वतःहून टोचायचं नाही, कोली जातीच्या कुत्र्यांचा त्याने जीव जातो.

रोज दोनदा तपासणी, सकाळी फिरून आल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. क्रम ठरवून टाका म्हणजे काही सुटत नाही: कानाच्या आत आणि मागे, पापण्यांची कड, गळपट्ट्याखाली (पट्टा काढून), काखा, जांघा, शेपटीखाली, आणि सगळ्यात शेवटी चारही पंजांच्या बोटांमध्ये. बोटं एकेक फाकवून बघा. लांब केसांच्या कुत्र्यात डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांच्या टोकांनीच शोधावं लागतं. मसुराएवढी टणक गाठ लागली की केस बाजूला करा. चिमट्याने कातडीला लागून, तोंडाशी धरा आणि सरळ, संथ ओढा. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. काडीपेटी, रॉकेल, तेल, तंबाखू यातलं काहीही लावायचं नाही. चेतवलेली गोचीड पोटातलं उलट जखमेत सोडते. निघाली की बाटलीत. नखावर चिरडू नका, तिचं रक्त तुमच्या बोटाच्या चिरेत जातं. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या रानात माकडताप आहे, तोही गोचिडीच्या चाव्यातूनच होतो. तिकडे हिवाळा-उन्हाळ्यात कुत्र्याला रानात शिरू देऊ नका, तुम्हीही शिरू नका.

दिवसा बागेत लक्ष जमिनीवर ठेवा. आंब्याच्या दिवसांत बाठे. लॅब्रेडॉर अख्खा बाठा गिळतो, आतड्यात अडकला की शस्त्रक्रिया. काजूचं बोंड ठीक, पण ओल्या बीच्या टरफलातला चीक तोंड भाजतो. पडलेली सुपारी चघळू देऊ नका, लाळ गळते, जुलाब होतात. किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाल्यावर वाळूत टाकून दिलेले मासे असतात, त्यात केंड, म्हणजे फुगणारा मासा, असतो. सुकलेला असला तरी विषारी. गळही असतात. समुद्राचं पाणी पिऊ लागला की बाहेर काढा, गोडं पाणी सोबत हवंच. दुपारी कातळावर तुमचा तळहात पाच सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर कुत्र्याचे पंजेही नकोत. फुरसं हा विषारी साप जांभ्याच्या सुट्या दगडांखाली असतो, तेव्हा दगडांत नाक खुपसू द्यायचं नाही. चावलंच तर बांधाबांध नाही, कापणं नाही. उचलून गाडीत, आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का ते वाटेतच फोन करून विचारायचं. पावसाळ्यात जळवा लागतात, चिमूटभर मीठ पुरतं.

निघताना खोली झाडा, केस उचला, काही मोडलं असेल तर स्वतःहून सांगा.

गाडीत बसवण्याआधी एकदा पूर्ण तपासणी. चादरी-टॉवेल पिशवीत बांधून न्या, घरी गरम पाण्यात धुवा. गाडीच्या सीटच्या फटीत व्हॅक्यूम.

पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा. जेवण सोडलं, अंग गरम, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, लघवी चहासारखी गडद, यातलं एकही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की कोकणात जाऊन आलोय आणि गोचिडी निघाल्या होत्या, म्हणजे ते लगेच रक्त घेऊन प्लेटलेट बघतील. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण अठ्ठावीस दिवसांचा असतो; चौथ्या दिवशी शेपूट हलायला लागली म्हणून थांबवू नका. आणि गोळीची पुढची तारीख आत्ताच फोनमध्ये टाका.