चित्रं, लेख आणि शिकवणी : बडोद्यात तिन्ही कसं जमवायचं

आधी चित्र, लेख की क्लास, असं विचारायला कुणी आलं की मी आधी पैशाचं बोलते. ठरल्या तारखेला पैसे फक्त क्लास देतो. चित्र विकलं तर विकलं. आणि दिवाळी अंकाचं मानधन संक्रांतीच्या आत आलं तर पेढे वाटावेत. तेव्हा क्लास हवाच, पण लागोपाठच्या दोन संध्याकाळींत बसवा. दांडिया बाजारातल्या आया सोयीची वेळ मागतात म्हणून रोज एक बॅच घेतलीत, तर चित्राला सलग दिवस उरत नाही. सकाळ चित्राचीच. लेख दुपारी, जेवणानंतरही लिहिता येतो.

आपल्या गावात हे नवं नाही. १९५० साली सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं. तिथले के. जी. सुब्रमण्यन शिकवायचे, चित्रं काढायचे, कलेवर लिहायचे आणि फाइन आर्ट्सच्या मेळ्यासाठी खेळणीही करायचे. गुलाममोहम्मद शेख चित्रकार, शिक्षक आणि गुजराती कवी. भूपेन खख्खर हिशेबनीसाची नोकरी सांभाळून चित्रं काढत, गुजरातीत कथा-नाटकं लिहीत. शेख आणि खख्खर या दोघांनी १९६९ मध्ये ‘वृश्चिक’ नावाचं छोटं मासिकही काढलं. मराठीत लिहिणाऱ्याने हे जरूर पाहावं. आपल्याकडे चित्रकाराने लिहिलं की लोक अजून भुवया उंचावतात.

तिन्ही कामांचे विषय वेगळे ठेवू नका, नाहीतर तीन नोकऱ्या होतात. सध्या तुम्ही चित्रात जे पाहताय तेच शिकवा आणि मुलं जिथे अडतात त्यावर लिहा. माझा हुकमी धडा पितळी तांब्याचा. मुलं तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेघेने बंद करतात, कारण तांब्या जमिनीवर सपाट बसतो हे त्यांना ठाऊक असतं. खोडरबर हातात घेऊ देऊ नका. तांब्या पाटावर ठेवा, वरून बघायला सांगा, मग हळूहळू डोळ्यांसमोर उचला. गोल चपटा होत जातो आणि तोंड नेमकं डोळ्यांच्या पातळीला आलं की नुसती आडवी रेघ उरते. आता त्यांनाच विचारा, बुडाची कड जास्त वाकलेली दिसते की तोंडाची? बुडाची, कारण ते डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली आहे. हे कळलं की वर्गात जो गलका होतो, त्यातली दोन-तीन वाक्यं त्याच रात्री जशीच्या तशी वहीत उतरवा. सकाळपर्यंत ती शहाणी होऊन बसतात आणि लेखाच्या कामाची राहत नाहीत.

क्लासला महिन्यातून एकदा बाहेर न्या. कीर्ती मंदिर या गायकवाडांच्या स्मारकात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, कमाटी बागेत म्युझियम आहे. मोठ्यांनी आधी एकटं जाऊन तासभर एकाच चित्रासमोर बसावं. मुलांबरोबर गेल्यावर आपलं बघणं होत नाही, डोकी मोजणं होतं.

आता व्यवहार. लेखाबरोबर रेखाटनं मागितली तर दोन्हींचा दर वेगळा सांगा. ‘लेखासोबत दोन-चार रेघा टाका हो’ असं म्हणणाऱ्या संपादकाला हसून दर पाठवावा. मूळ चित्र देऊ नका, ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपक्यांचं) स्कॅन द्या. कुणी पैसे देऊन खास चित्र करून घेत असेल, तर प्रताधिकार (कॉपीराइट) कुणाचा ते आधी लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर अशा चित्राच्या प्रताधिकाराचा पहिला मालक ते करवून घेणारा ठरतो. हक्क लेखी दिलेत पण मुदत लिहिली नाहीत, तर ती पाच वर्षं धरतात. मी ईमेलमध्ये एवढंच लिहिते : ‘फक्त या अंकात एकदा छापण्यासाठी.’ समोरून ‘ठीक आहे’ आलं की तो ईमेल जपून ठेवायचा आणि मगच स्कॅन पाठवायचं.