यीस्टच्या पेशी चिकटतात पण एक होत नाहीत? या चुका टाळा

यीस्टच्या मेटिंगमध्ये दोन विरुद्ध प्रकारच्या पेशी (मॅट-ए आणि मॅट-अल्फा) फ्यूज होतात, म्हणजे जुळून एक पेशी बनतात; पण आधी हे डोक्यात पक्कं करा की दोन यीस्ट पेशी चिकटून बसल्या म्हणजे फ्यूज झाल्या असं नाही. आधी समोरचीचा फेरोमोन (तिने सोडलेला रासायनिक इशारा) ओळखायचा (मॅट-ए पेशीवर एसटीई२ रिसेप्टर, मॅट-अल्फावर एसटीई३), मग नाक काढून तिच्याकडे वाढायचं, चिकटायचं, मधली सेल वॉल (बाहेरची कडक भिंत) झिजवायची आणि मग कुठे आतल्या दोन मेम्ब्रेन (पातळ पडदे) एक होतात. यातलं काहीही अडलं तरी आपण वहीत 'फ्यूजन डिफेक्ट' लिहून मोकळे!

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पीआरएम१ (मेम्ब्रेन एक व्हायच्या पायरीला लागणारं एक प्रोटीन) एकाच स्ट्रेनमधून (यीस्टच्या वाणातून) काढायचं आणि जोडीला नॉर्मल स्ट्रेन द्यायची. मग सगळं जवळपास नीटच होतं, आणि आपण म्हणतो या प्रोटीनचं काही कामच नाही. एका पेशीत असलं तरी बरंचसं भागतं हो, त्यामुळे दोन्हीकडून काढा. २००० साली हे प्रोटीन पहिल्यांदा समोर आलं तेव्हाही खरा परिणाम म्युटंट-म्युटंट क्रॉसमध्येच दिसला होता, साधारण अर्ध्या जोड्या मेम्ब्रेनला मेम्ब्रेन लावून तशाच अडकलेल्या.

दुसरी चूक, अडकलेली जोडी नेमकी कुठे अडकलीय ते न बघणं. एफयूएस१ (मेटिंगमधलंच दुसरं प्रोटीन) नसेल तर मधली वॉल बऱ्याचदा तशीच राहते, पीआरएम१ नसेल तर वॉल गेलेली असते पण मेम्ब्रेन दोन्ही शाबूत. एका स्ट्रेनमध्ये जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) टाकून ठेवा, जीएफपी दोन्हीकडे पसरला तर फ्यूजन झालं, नाही पसरला पण एका पेशीचा फुगा दुसरीच्या हद्दीत घुसलेला दिसतोय तर वॉल गेलीय, घोडं मेम्ब्रेनपाशी अडलंय. आणि फुटलेल्या जोड्या 'मेलेल्या' म्हणून सोडून देऊ नका, पीआरएम१ नसताना काही जोड्या फ्यूज व्हायला जातात आणि फुटतात, तो रिझल्टच आहे. मीडियातून कॅल्शियम ओढून घेतलं (ईजीटीए वगैरे कॅल्शियम पकडून ठेवणारी रसायनं घालून) तर फुटणं अजून वाढतं, म्हणून कंट्रोल आणि म्युटंटचा मीडिया अगदी सेम ठेवा.

फक्त सिलेक्शन प्लेटवरच्या (जिथे फ्यूज झालेल्याच पेशी वाढतात) डिप्लॉइड, म्हणजे फ्यूज होऊन बनलेल्या पेशींच्या कॉलनी मोजून निष्कर्ष काढणं मला तरी पटत नाही, कारण उशिरा का होईना ज्या जोड्या फ्यूज झाल्या त्याही तिथे कॉलनी देतात आणि उशीर झाल्याचं कुठेच दिसत नाही. ठरलेल्या वेळेला सॅम्पल काढा, लगेच बर्फात ठेवा आणि मायक्रोस्कोपखाली जोड्या मोजा.

बाकी बारीकसारीक: ओव्हरनाइट वाढून थकलेलं कल्चर नको, लॉग फेजमधलं (जोमात वाढत असलेलं) घ्या, आणि एचओ जीन चालू असलेली स्ट्रेन चुकून आली नाही ना ते बघा, नाहीतर पेशी स्वतःच मेटिंग टाइप बदलून घरातल्या घरात जमवतात.

आणि हो, पीआरएम१ला 'फ्यूजन घडवणारं प्रोटीन' असं छातीठोकपणे लिहू नका. दोन्हीकडून ते काढूनही बऱ्याच जोड्या फ्यूज होतातच ना, मग 'मदत करतं' एवढंच लिहा.