जुन्या हिब्रू ग्रंथांवरच्या मालकीच्या सह्या : या चुका टाळा

सही बघून भाव ठरवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. 'मोशे बेन अव्राहाम' किती होऊन गेले! सही प्रसिद्ध रब्बीचीच (ज्यू धर्मगुरूचीच) म्हणायची तर वडिलांचं नाव, गाव आणि खात्रीचं हस्ताक्षर, तिन्ही जुळायला हवीत. नावाआधीचं 'लाशेम हाआरेत्स उम्लोआ' ही पदवी नव्हे. चोविसाव्या स्तोत्राची ती सुरुवात आहे: पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं परमेश्वराचं. खरा धनी तो, म्हणून आधी त्याचं नाव.

खोटी सही कसरीच्या भोकांपाशी पकडली जाते. दहापट भिंग घ्या, उजेड बाजूने तिरपा पाडा. सही आधीची असेल तर भोक रेघेला सरळ कापून जातं. नंतरची असेल तर शाई भोकाच्या कडेत झिरपून कड काळी पडते, किंवा लेखणी भोक चुकवून वळलेली दिसते. बांधणी करताना कडेची अक्षरं छाटली गेली असतील तर हळहळू नका, सही त्या बांधणीहून जुनी आहे. पुठ्ठ्यालगतच्या कोऱ्या पानावरची सही मात्र दुसऱ्या पुस्तकातूनही आलेली असते.

पुसट सहीला रसायन लावू नका. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली मायफळ-हिराकसाची शाई बहुधा गडद दिसते.

इटलीतल्या ग्रंथाच्या शेवटच्या पानावर लॅटिन लिपीत सही असेल, तर ती बहुतेक मालकाची नसून चर्चच्या सेन्सॉरची. डोमेनिको इरोसोलिमितानो हे नाव वारंवार भेटतं.

सहीतल्या सनाशी छपाईचं साल ताडून बघा. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते; शीर्षकपानावरच्या वचनातल्या फक्त मोठ्या किंवा खूण केलेल्या अक्षरांच्या किमतींची बेरीज करायची. 'लिफ्रात काटान' (म्हणजे लहान गणना) असं लिहिलेलं असेल तर हजार वगळलेले असतात, म्हणून बेरजेत १२४० मिळवा: ६०० म्हणजे १८४०. हिब्रू वर्ष शरदात सुरू होतं, त्यामुळे पहिल्या तीनेक महिन्यांसाठी १८३९. ठळक 'आम्स्टरडॅम'लाही भुलू नका. शेजारी बारीक टायपात 'च्या अक्षरांत' असं असू शकतं, म्हणजे फक्त टाइप तिथल्यासारखा, खरं गाव वेगळंच.

पुण्यात १८७४ साली छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादावर (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकावर) बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंचं, '-कर' आडनाव दिसलं, तर त्यातून मूळ गाव कळतं, माणूस नव्हे.

युरोपातल्या सिनेगॉगचा (ज्यू प्रार्थनागृहाचा) किंवा ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर थांबा. नाझींनी लाखो ज्यू पुस्तकं लुटली. १९३३ ते १९४५ या काळात पुस्तक कुणाकडे होतं याचे कागद विक्रेत्याकडे मागा. नसतील तर घेऊ नका. आणि शिक्का कधीही खरवडू नका, कुणाच्या तरी हरवलेल्या घराचा तो शेवटचा पत्ता असू शकतो.