विचारायचं कसं, हे मी कॉलेजात शिकले

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की कुणी ना कुणी पालक मला गाठतात. "बाई, नुसतं बीएस्सी करून काय मिळणार?" मी एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न चुकत नाही. अलीकडे मुलंही विचारतात, "मॅडम, सगळं मोबाइलवर आहे की. मग रोज कॉलेजला जायचं कशाला?" नोकरी लागेल की नाही, याचं छातीठोक उत्तर माझ्याकडं नाही. पण पदवीच्या तीन वर्षांत मला स्वतःला काय मिळालं, ते नेमकं सांगता येतं. मला विचारता येऊ लागलं.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. दहिवडीपासून आत, बाजरी, मटकी आणि मेंढरांचा मुलूख. २०११ च्या जूनमध्ये आण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, एसटीनं पुण्यात स्वारगेटला उतरले, तोवर मला कुणाला काही विचारायची वेळच आली नव्हती. दुकानदार ओळखीचा, कंडक्टर ओळखीचा, शाळेतले गुरुजी आण्णांच्या बैठकीतले. काही लागलं तर आण्णा नाहीतर दादा बोलायचे. चारचौघांत पोरीनं मध्ये तोंड घालायचं नसतं, हे कुणी न सांगताही कळलेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाला बोनाफाईड लागला. ऑफिसच्या खिडकीपुढं रांग. माझा नंबर आला, आतल्या माणसानं मान वर न करता "काय?" म्हटलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागच्या मुलीनं हात पुढं केला, मी बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी धीर करून बोलले, तर "जेवणाच्या सुट्टीनंतर या" असं खेकसून खिडकी बंद झाली. मी जिन्यात बसून रडले. तिथं तिसऱ्या वर्षाची एक ताई भेटली. तिनं माझी वही घेतली आणि मला तीन ओळी लिहायला लावल्या: मला काय हवंय, कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय. "या तीन ओळी पाठ कर आणि तेवढंच बोल. तो ओरडला तरी तिथंच उभी राहा." दुपारी दाखला मिळाला.

ही युक्ती मी आजही नव्या मुलांना देते. खिडकीपुढं जाण्याआधी तीन ओळी लिहा. शिष्यवृत्तीचे अर्ज आता सरकारच्या महाडीबीटी या वेबसाइटवर भरतात, पण कागद अडकला की शेवटी कुणाला तरी जाऊन विचारावंच लागतं. आणि अर्ज दर वर्षी नव्यानं पुढं चालू करावा लागतो. माझ्या ओळखीच्या दोन मुलींनी पहिल्या वर्षी भरला म्हणून दुसऱ्या वर्षी भरलाच नाही आणि त्यांचे पैसे गेले. कुणाला विचारलं असतं तर वाचले असते.

माणसांना विचारण्यापेक्षा वर्गात विचारणं जड गेलं. माझं दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीतून. अकरावी-बारावी इंग्रजीतून झाली ती पाठांतरावर. इथं तासाला 'स्टोमॅटा' हा शब्द दहा वेळा आला आणि मी खाली मान घालून लिहीत राहिले. संध्याकाळी कळलं की ही तर आपली पर्णरंध्रं, आठवीत आकृती काढलेली! म्हणजे मला विषय येत होता, फक्त ते कळायला वाट सापडत नव्हती. वर्ष तसंच रेटलं आणि रसायनशास्त्राचा पेपर राहिला. पंधरा दिवस घरी सांगितलं नाही. शेवटी फोनवर सांगितलं तेव्हा आण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एक साल पीक गेलं म्हणून रान इकतंय का कोण?"

त्या वाक्यानं मी उठले. विद्यापीठाकडं पैसे भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, हे तोवर माहीतही नव्हतं. ती मागवली आणि घेऊन सरांपुढं उभी राहिले. त्यांनी पान पान उलटून दाखवलं. पाठ केलेली वाक्यं होती, पण प्रश्न काय विचारलाय याच्याशी त्यांचं नातं नव्हतं. त्या दिवशी मी एक वही केली. डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी शब्द, आणि खाली माझ्या भाषेत दोन ओळींचा अर्थ. अर्थ लिहिता आला नाही तर समोर प्रश्नचिन्ह. आठवड्याभरात जमलेली प्रश्नचिन्हं घेऊन शनिवारी स्टाफरूमच्या दाराशी जायचं. सुरुवातीला दारात दहा मिनिटं घुटमळायची. दिवाळीपर्यंत सर स्वतःच म्हणायला लागले, "ये, आज किती आहेत?" मराठी माध्यमातून येणाऱ्या प्रत्येकाला मी ही वही पहिल्या दिवसापासून करायला सांगते. पेपर राहायची वाट पाहू नका.

राहायला मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर होते. एका खोलीत चार कॉट. एक धुळ्याची, एक चिपळूणची, एक नांदेडची आणि मी. पहिल्या महिन्यात पाण्याच्या बादलीवरून, दिव्यावरून आणि मेसच्या खाड्यांच्या हिशेबावरून आमच्यात कडाक्याची भांडणं झाली. धुळ्याची मैत्रीण घरी आईशी अहिराणीत बोलायची, ते आम्हाला निम्मंच कळायचं. तिच्या घरून आलेली कळण्याची भाकरी मी पहिल्यांदा तिथं खाल्ली. भांडण झाल्यावर त्याच खोलीत झोपायचं असतं, उठून तिथंच चहा करायचा असतो, त्यामुळं "तुला नेमका कशाचा राग आलाय?" हे विचारायला आम्ही चौघी शिकलो. घरात असा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. तिथं रुसायचं आणि समोरच्यानं ओळखायचं, अशीच रीत होती.

दुसऱ्या वर्षी कमवा व शिका योजनेत नाव घातलं. पुणे विद्यापीठाच्या या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे आणि सातारा जिल्ह्यातल्या मुलीला त्याचा अभिमान वाटणारच. भाऊरावांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं ते याच तत्त्वावर: गरिबाच्या पोरानं अंगमेहनत करावी आणि कुणाचे उपकार न घेता शिकावं. मला रोज दोन तासांचं काम मिळालं, वनस्पतिशास्त्र विभागाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात.

हे काम कसं चालतं ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या तीन वर्षांतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण तिथं झालं. फुलाफळासकट फांदी आणायची, वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायची, एखादं पान उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजूही दिसते. लाकडी चौकटींमध्ये दाबून पट्टे आवळायचे. सुरुवातीचे दिवस रोज कागद बदलायचे, पावसाळ्यात तर चुकवायचंच नाही, नाहीतर बुरशी धरते. वाळलं की साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायचं, जाड देठ दोऱ्यानं टाचायचे. मग खाली उजव्या कोपऱ्यात लेबल: कूळ, शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख आणि संकलक.

कपाटात कित्येक दशकांपूर्वीचे नमुने होते. ज्यांनी ते गोळा केले ती माणसं आता नाहीत, पण कुठल्या घाटात, कुठल्या तारखेला ते झाड उभं होतं हे त्यांच्या अक्षरात तसंच आहे. विभागातल्या मॅडमनी एकदा आम्हाला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रातही नेलं. ते १९५५ पासून आहे. तिथली कपाटांची रांग बघून मी विचारलं, "मॅडम, एका झाडाचे इतके नमुने कशाला?" त्या म्हणाल्या, "प्रत्येक नमुना म्हणजे कुणीतरी विचारलेला प्रश्न आहे: हे इथं कसं?" पुढं कुठलंही झाड पाहिलं की माझ्या मनात आधी हाच प्रश्न यायचा.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये आमची सहल कास पठारावर गेली. त्याच जुलैत पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला होता, त्यात कास होतं. कास माझ्याच जिल्ह्यात, आणि मी ते पुण्याहून बसनं जाऊन पहिल्यांदा पाहत होते. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, आणि त्यावर तेरडा, गेंद, सीतेची आसवं. मॅडम गुडघ्यावर बसून दवबिंदूचं बारकं रोप दाखवत होत्या. इथल्या मातीत नत्र कमी, म्हणून ते चिकट केसांवर किडे धरून आपली भूक भागवतं. सगळे वाकून बघत होते. मला मात्र डोळ्यांपुढं आमचे बैल दिसत होते. तो दुष्काळाचा काळ होता, माण तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या आणि आमची जनावरं म्हसवडच्या छावणीत होती.

परतीच्या वाटेवर मी मॅडमना विचारलं, "जिल्हा एकच. इथं पाय ठेवायला कोरडी जागा नाही आणि आमच्याकडं प्यायला पाणी नाही. असं का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "हा प्रश्न भूगोल विभागात घेऊन जा." मी गेले. तिथले सर मला ओळखत नव्हते, त्यांचा विषयही मी घेतला नव्हता. तरी त्यांनी खुर्ची दिली आणि पाठकोऱ्या कागदावर सह्याद्री काढला. समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे घाटाला धडकून वर चढतात, गार होतात आणि सगळं पाणी तिथंच रितं करतात. पलीकडं उतरताना हवा तापते आणि कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडं पाचशेच्या आसपास, आणि मध्ये सरळ रेषेत साधारण १०० किलोमीटरच अंतर. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द मी शाळेत दोन गुणांसाठी पाठ केलेला होता. तो आमच्या घराचा पत्ता आहे, हे त्या कागदावर समजलं.

मग सरांनीच मला विचारलं, "तुमच्या शिवारात विहिरीचं पाणी किती हातांवर आहे? वीस वर्षांपूर्वी किती होतं?" मला सांगता येईना. त्या दिवाळीत मी आण्णांबरोबर शिवारातली प्रत्येक विहीर हिंडले. आण्णा दर काठावर थांबून सांगायचे, ही कुणी खोदली, कधी आटली, कुठं बोअर मारली. एवढं ते माझ्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मी विचारलंच नव्हतं.

मोबाइलवर सगळं असतं, हे खरंच आहे. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे तिथं दोन मिनिटांत कळेल. पण तो मोबाइल मला उलटा प्रश्न विचारत नाही, आणि मी दारात घुटमळले तर "ये" म्हणत नाही. म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, प्रॅक्टिकल खरोखर होतात का, आणि स्टाफरूमच्या दाराशी मुलं उभी दिसतात का, हे बघा. शक्य झाल्यास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा. एनएसएसलाही, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेलाही, जरूर जा. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं, आता नव्या धोरणात त्याला क्रेडिटही मिळू शकतात. मी क्रेडिटसाठी नव्हते गेले. शिबिरात घरोघर जाऊन माहिती विचारायची होती, आणि तोवर मला ते आवडायला लागलं होतं.

त्या दिवाळीत बांधावरची तरवडाची फांदी मी पुण्याला आणली, पिवळ्या फुलांसकट. निघताना आजीला सहज विचारलं होतं, याचं काय करतात गं? आजी अर्धा तास बोलत होती. सालीनं कातडं कमवायचे, फुलं कशाला घ्यायची, दुष्काळात कुठलं जनावर हे खातं आणि कुठलं तोंड लावत नाही. मी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. विभागात नमुना तयार केला, लेबलवर संकलक म्हणून आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव लिहिलं आणि उपयोगाच्या रकान्यात आजीनं सांगितलेलं सगळं.

मॅडमनी ते वाचलं. "ही माहिती कुठल्या पुस्तकातली?"

"माझ्या आजीनं सांगितली."

"मग तसं लिही की. माहिती देणाऱ्याचं पूर्ण नाव."

मी पेन टेकवलं आणि थांबले. घरात सगळे तिला आजी, नाहीतर म्हातारी म्हणायचे. तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी बाहेर जाऊन घरी फोन लावला आणि म्हटलं, "आजीला दे. तिला एक विचारायचंय."