तोंडाचा कॅन्सर टाळण्यासाठी जांभूळ, तुती, स्ट्रॉबेरी: किती खावे, कसे खावे

खिशात पुडी आणि ताटात जांभळे असतील तर जांभळांचा काही उपयोग होणार नाही. म्हणून सुरुवात फळांपासून करू नका, गुटखा, मावा, खैनी, मिश्री, विडी यांच्यापासून करा. तंबाखूसोबत दारू असेल तर धोका आणखी वाढतो, तीही सोडा. "मी नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही" हे वाक्य घरोघरी ऐकू येते, पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांत धरले. सवय एकट्याने सुटत नसेल तर १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.

मग फळांचा विषय येतो कुठून? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात काळ्या रासबेरीवर बरेच काम झाले. गोठवून वाळवलेली तिची पूड चाऱ्यात घातल्यावर हॅमस्टरच्या (उंदरासारख्या प्रयोगशाळेतल्या प्राण्याच्या) गालात कॅन्सरच्या कमी गाठी झाल्या. पुढे त्याच पुडीचे १० टक्क्यांचे जेल कॅन्सरपूर्व चट्टे असलेल्या रुग्णांनी दिवसातून चार वेळा चट्ट्यावर लावले, तेव्हा काहींचे चट्टे लहान झाले. ध्यानात घ्या, हे जेल होते आणि ते थेट चट्ट्यावर लावले होते. फळे खाल्ल्याने माणसाचा तोंडाचा कॅन्सर टळतो हे यावरून सिद्ध होत नाही. पण एक धागा मिळतो: फळातला गडद रंग तोंडाच्या अस्तराला प्रत्यक्ष लागला पाहिजे. खाण्याची सगळी पद्धत त्यावरूनच ठरते.

काय आणि किती

ती काळी रासबेरी आपल्या बाजारात सहसा दिसत नाही. मात्र अँथोसायनिन हे जांभळे-लाल रंगद्रव्य जांभूळ, तुती आणि पिकलेल्या करवंदातही असते. थंडीत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, एप्रिल-मेमध्ये करवंदे, जूनच्या आसपास जांभळे, असा हंगाम धरून चला. रोज एक वाटी, म्हणजे साधारण १०० ग्रॅम, पुरे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सांगते, त्यातला हा एक भाग. बाकीचे पालेभाजी, गाजर, टोमॅटो, पेरू यांतून येऊ द्या.

जांभूळ निवडताना काळेभोर, तकतकीत आणि दाबल्यावर थोडे मऊ घ्या. देठाशी लाली राहिलेले फार तुरट लागते. करवंद पूर्ण काळे झाल्यावरच घ्या, कच्च्याचा चीक ओठांना चिकटतो. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा आणि देठ नंतर काढा, नाहीतर आत पाणी शिरून फळ पचपचीत होते.

कसे खावे

फळ तोंडात घोळवत सावकाश चावा. रस दोन्ही गालांच्या आतून आणि जिभेखालून फिरू द्या, मग गिळा. जाम, सरबत, सिरप यांवर भरवसा नको: शिजवल्याने रंगद्रव्य बरेचसे नासते आणि उरते ती साखर. हंगाम संपताना जांभळांच्या बिया काढून गर वाटीवाटीने फ्रीझरमध्ये ठेवा. लागेल तेवढाच गर बाहेर काढा, सुटलेला परत गोठवू नका. खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि दात घासायचे ते अर्ध्या तासाने, कारण आंबट रसाने दातांचे वरचे आवरण तेवढ्यापुरते मऊ पडते.

तोंड तिखटाने झोंबते, उघडताना आवळते असे होत असेल तर आंबट फळे बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. सुपारी खाणाऱ्यांत हे फार दिसते. मधुमेह असेल तर ही वाटी दिवसाच्या फळांच्या हिशेबात धरा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी फळांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

फळांऐवजी गोळ्या घेण्याचा मोह मात्र टाळा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीनच्या (गाजरातल्या नारिंगी रंगद्रव्याच्या) गोळ्या दिल्या, तर १९९४ साली जाहीर झालेल्या निकालात त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढलेला निघाला.

तोंड कधी पाहावे

जांभूळ खाण्याआधी! नंतर जीभ आणि गाल जांभळे होतात आणि पांढरा-लाल चट्टा त्या रंगात लपतो. महिन्यातून एकदा, सकाळी दात घासल्यावर, आरसा आणि टॉर्च घ्या. ओठ उलटवून पाहा, गाल बोटाने ताणा. जीभ कापडाने धरून दोन्ही कडा पाहा, मग ती वर उचलून खालची जागा. हिरड्या आणि टाळूही. तंबाखूची गोळी जिथे धरायची सवय होती, ती जागा दोनदा पाहा. शेवटी मानेवर गाठ लागते का ते चाचपा आणि तीन बोटे उभी तोंडात जातात का बघा.

पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हलणारा दात, आवळत चाललेले तोंड, यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून थांबू नका. काय खात होता आणि किती वर्षे, ते खरे सांगा. बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) सांगितली तर ती करून घ्या, फळांवर महिना काढू नका.