ठेकेदारीचं लायसन काढण्याआधी नावावर कागद करा

सिव्हिलचा डिप्लोमा हातात पडला की जळगाव-धुळ्याकडची पोरं विचारतात, "भाऊ, ठेकेदारीचं लायसन कुठं काढायचं?" मी आधी विचारतो, काम कोणाचं करणार? कारण सगळ्या कामांना चालेल असं एक लायसनच नाही.

गावात कोणाचं घर बांधायचं असेल तर आपल्या राज्यात ठेकेदाराला वेगळा परवाना लागत नाही. परवानगी मालकाच्या नावे निघते आणि नकाशावर आर्किटेक्टची नाहीतर परवानाधारक इंजिनिअरची सही असते. वायरिंगच्या कामाला विद्युत ठेकेदाराचा परवाना वेगळा. भुसावळला रेल्वेचं काम धरायचं तर रेल्वेचं स्वतःचं ई-टेंडर पोर्टल आहे. लोक ज्याला लायसन म्हणतात ती बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी असते. तिथं वर्ग असतात, आणि तुमच्या वर्गावरून ठरतं की किती रकमेपर्यंतचं टेंडर भरता येईल. वर्गांच्या मर्यादा शासन निर्णयानं बदलत राहतात, म्हणून दुसऱ्याच्या जुन्या फाइलची झेरॉक्स बघून अर्ज करू नका.

अर्जाला पॅन, जीएसटी नंबर, आयकर विवरणपत्रं, ऐपतीचा दाखला, यंत्रसामग्रीची यादी असं बरंच लागतं. हे धावपळ करून जमतं. अडतं ते केलेल्या कामांच्या दाखल्यावर.

आमच्याकडे बहुतेक जण पेटी ठेक्यावर शिकतात. मोठ्या गुत्तेदाराचं काम, त्यातलं सेंट्रिंग किंवा नुसतं आरसीसी आपण करायचं, पैसे रोखीत. हात तयार होतो, पण कामाचा दाखला निघतो मूळ ठेकेदाराच्या नावे. चाळीसगावकडचे एक जुने गुत्तेदार आप्पा नव्या पोराला पहिल्याच भेटीत विचारतात, "तुन्हा नावना कागद शे का?" (म्हणजे तुझ्या नावाचा कामाचा कागद आहे का?) पोराची साइट ते नंतर बघतात. मला त्यांचं पटतं. खाजगी काम घेतलंत तरी लेखी करार करा, पैसे बँकेतून घ्या, आणि समोरची पार्टी कंपनी किंवा संस्था असेल तर टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापला जाणारा कर, तुमच्याच पॅनवर कापायला लावा. तो आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या टीडीएसच्या पत्रकात दिसतो. खाजगी अनुभव दाखवताना बऱ्याच ठिकाणी हाच पुरावा मागतात.

डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणीची वाट आहे. छोटी कामं काम वाटप समितीमार्फत या अभियंत्यांना आणि मजूर सहकारी संस्थांना मिळतात. ही वाट ठरावीक वर्षंच चालते. तेवढ्यात मिळालेल्या प्रत्येक कामाचा पूर्णत्वाचा दाखला कार्यकारी अभियंत्याकडून घेऊन ठेवा, पुढच्या वर्गाला तोच लागतो.

नोंदणी झाली की महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-टेंडर पोर्टलवर खातं आणि क्लास 3 डिजिटल सही. सही एन्क्रिप्शनसकट घ्या, टोकन (सही असलेला यूएसबी) आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवा. सायबर कॅफेवाल्याकडे टोकन ठेवणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या धाडसाला नमस्कार!

आता पैशाचं. नवा माणूस काम मिळवायच्या घाईत सरकारी दरसूचीच्या बराच बिलो जातो, म्हणजे कमी दर भरतो. मग अतिरिक्त सुरक्षा ठेव भरावी लागते, आणि बिलातून कपात होते ती वेगळीच: वैयक्तिक ठेकेदाराला 1 टक्का आयकर टीडीएस, करार अडीच लाखांवर असेल तर 2 टक्के जीएसटी टीडीएस, 1 टक्का कामगार उपकर, वर सुरक्षा ठेव. टीडीएस पुढं हिशोबात मिळतो, उपकर गेला तो गेला. गिरणेची वाळू, मुरूम, खडी यांचे वाहतूक पास जोडले नाहीत तर रॉयल्टीही बिलातूनच वळती करतात. वाळूवाला पास नंतर देतो म्हणाला तर गाडी खाली करू देऊ नका.

झालेल्या कामाची मोजणी खात्याच्या मोजमाप पुस्तकात नोंदल्याशिवाय बिल नाही. पाया काळ्या मातीत असेल तर खोदाई आणि मुरूम भरणीची मोजणी त्याच दिवशी शाखा अभियंत्यासमोर करून घ्या. भरणी झाल्यावर खड्डा किती खोल होता हे कोणालाच दाखवता येत नाही.