छोट्या हॉलमधले दिवे : रंगकामाआधीची तयारी

वन बीएचकेमधला हॉल म्हणजे साधारण दहा बाय बारा. त्यातच सोफा, टीव्ही, जेवणाचं फोल्डिंग टेबल, मुलांचा अभ्यास आणि रात्री अकरानंतर कुणाचं तरी अंथरूण. एवढी कामं एका खोलीत होतात, पण उजेड मात्र एकाच ट्यूबवर चालतो. लावली तर झोपणाऱ्याच्या डोळ्यावर, बंद केली तर वाचणाऱ्याची पंचाईत. २०१५ साली उजाला योजना आली, एलईडी स्वस्त होऊन घरोघरी पोचले, वीजही वाचली. पण नवा बल्ब बसला तो जुन्याच होल्डरमध्ये. उजेडाची जागा बदलायची राहूनच गेली. म्हणून माझा आग्रह एकच आहे : दिवे लहान घ्या, पण तीन-चार घ्या आणि प्रत्येकाला वेगळं बटण द्या. हे ठरवायचं ते रंगारी घरात येण्याआधी. एकदा रंग झाला की भिंत फोडायला मन धजत नाही आणि मग केसिंगच्या पट्ट्या मारून वायर फिरवावी लागते.

दुकानात जाण्याआधी एका संध्याकाळी कागदावर हॉलचा चौकोन काढा. दार, खिडकी, पंखा, टीव्ही आणि आत्ता आहेत ते सगळे बोर्ड त्यात दाखवा. मग कोण कुठे बसून काय करतं ते लिहा : आजी पेपर कुठे वाचतात, भाजी कुठे निवडली जाते, मुलगी वह्या कुठे पसरते. त्या प्रत्येक जागी स्वतः जाऊन बसा. आपल्याच डोक्याची सावली वहीवर पडते का, दिवा थेट डोळ्यावर येतो का, ते बघा. टीव्ही बंद ठेवून सोफ्यावरून त्याच्या काळ्या काचेकडे पाहा. समोरच्या भिंतीवरची ट्यूब त्यात लख्ख दिसत असेल, तर ती तिथून हलवायची, अशी खूण नकाशावर करा. वाचायचा दिवा खांद्याच्या थोडा मागे हवा, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून उजेड हवा. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांच्या खुर्चीजवळचा दिवा सगळ्यात आधी ठरवा. वयानुसार डोळ्यात पोचणारा उजेड कमी होत जातो आणि ‘नीट दिसत नाही’ हे ही माणसं सहसा बोलून दाखवत नाहीत.

छतातल्या दिव्यांचा खरा अडसर पंखा. आपल्याकडे तो हॉलच्या मधोमध असतो, आणि दिवा पात्यांच्या वर आला की पाती उजेड कापत राहतात. भिंतीवर सतत हलती सावली, वाचणाऱ्याला तासाभरात डोकेदुखी. नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा असतो, म्हणजे मध्यापासून दोन फूट पातं फिरतं. दहा फुटी रुंदीत छताचे दिवे भिंतीपासून दीड-दोन फुटांवर ठेवले, तर ते पात्यांच्या बाहेर राहतात. लटकता दिवा आवडत असेल तर तो कोपऱ्यात किंवा जेवणाच्या टेबलावर. फॉल्स सीलिंगचं म्हणाल, तर एवढ्या हॉलला ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चार-सहा इंच उंची जाते, पंखाही तेवढा खाली येतो. सरफेस पॅनल छताला चिकटून बसतात, त्यात काही कमी पडत नाही.

आता हिशेब. वॅट म्हणजे वीज किती खाते ते. उजेड मोजायचा लुमेनमध्ये, आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. दहा बाय बारा म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. बसण्याउठण्यासाठी दर चौरस मीटरला १५० लुमेन धरले तर १,६५० होतात. भिंती, शेड आणि धूळ यांत जाणारा उजेड धरून सगळे दिवे मिळून अडीच हजारांच्या आसपास ठेवा. चार फुटी २० वॅटची एलईडी ट्यूब एकटी साधारण २,००० लुमेन देते. म्हणजे ती एक आणि दोन लहान दिवे, एवढ्यात काम भागतं. अभ्यासाच्या टेबलावर मात्र दुप्पट-तिप्पट उजेड हवा. तो छतावरून आणू नका, टेबललॅम्पने द्या. सात वॅटचा पुरतो.

उजेडाचा रंग निवडताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघा. ६५०० म्हणजे दवाखान्यातला पांढरा, ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळचा, ४००० मधला. मुख्य ट्यूब आणि अभ्यासाचा दिवा ४०००चा, बाकीचे ३०००चे, ही जोडी मला सगळ्यात चांगली वाटते. शेजारीशेजारी ६५०० आणि ३००० लावले की अर्धी भिंत निळसर आणि अर्धी पिवळट दिसते. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, लिहिलेला असतो; ८० चालतो, ९० मिळाला तर घ्यावा. दुकानात पेटलेल्या बल्बखाली स्वतःचा तळहात धरा आणि लाल काठाचं एखादं कापड सोबत न्या. हात राखाडी आणि काठ तपकिरी दिसला, तर तो बल्ब नको. मोबाइलचा कॅमेराही त्या दिव्यावर धरा : पडद्यावर जाड पट्टे सरकत असतील तर दिवा फडफडतोय.

प्लगच्या जागांचं सांगायचं तर घरोघरी रड तीच. टीव्हीमागे चार आणि बाकी भिंतींवर एकही नाही. लॅम्प ज्या कोपऱ्यात उभा राहणार तिथे एक पॉइंट काढाच, नाहीतर एक्स्टेंशनची वायर पायात येते. गणपती ज्या भिंतीशी बसतो तिथेही एक, म्हणजे मखराच्या माळा आणि फोकस दारातून वायर न ओढता लागतील. खिडकीबाहेर किंवा बाल्कनीत आकाशकंदिलासाठी होल्डर, आणि त्याचं बटण आत. रात्री झोपायची जागा दारापासून लांब असेल तर एका दिव्याला टू-वे बटण द्या, म्हणजे तो दोन्ही ठिकाणांहून लावता-बंद करता येतो. इन्व्हर्टर असेल तर कोणता दिवा त्यावर घ्यायचा ते आत्ताच सांगा. माझ्या मते टेबललॅम्पचा पॉइंट.

इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी तोंडाने सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या. बटण फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर हवं, परतीच्या न्यूट्रलवर नको. उलटं झालं की बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहतो, आणि बल्ब बदलताना होल्डरमध्ये करंट असतो. धातूचा लॅम्प असेल तर तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग. दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर लावू देऊ नका. त्यासाठी डिमेबल लिहिलेला बल्ब आणि त्याचाच डिमर लागतो.

मुंबईत लोहार चाळ, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली : दोन्हीकडे निवड भरपूर, पण नकाशा हातात घेऊनच जा. खोक्यावर आयएसआयची किंवा बीआयएस नोंदणीची खूण बघा. होल्डर बघा : आपल्या छताला खटका असलेला बी-२२, बऱ्याच फॅन्सी लॅम्पना आट्यांचा ई-२७. बल्ब बदलता येईल असाच लॅम्प घ्या. पॅनल घेत असाल तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारी डबी, सुटा मिळतो का ते विचारा, कारण आधी तोच जातो. रत्नागिरी, मालवण, पणजी, असं खारं वारं असेल तिथे लोखंडी स्टँड गंजतो आणि कापडी शेडला पावसाळ्यात बुरशी धरते. तिथे लाकूड, बांबू किंवा पितळ बरं. एकदम सगळं न उचलता प्रत्येकी एक नग आणून रात्री घरात लावून बघा.

वायरसाठी भिंतीत पाडलेली झिरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, पुढे खिळा ठोकताना वायर कुठून गेलीय ते कळेल. रंगाचा शेवटचा हात राहिला असताना भिंतीलगतचे दिवे लावा. बाजूने पडणाऱ्या उजेडात पुट्टीतला प्रत्येक खड्डा आणि फुगवटा दिसतो, जो दिवसा दिसत नाही. तेवढ्या जागा पेन्सिलीने गोल करून ठेवा. रंगारी त्या भरून, घासून मगच शेवटचा हात मारेल.